एबीएसचा दिवा : आधी तपासणी विका, मग पार्ट

गॅरेज टाकायचं म्हणणाऱ्या, किंवा नुकतंच टाकलेल्या मित्रांसाठी आजचा धडा आहे. व्हिडिओत मी गाडीवर प्रत्यक्ष काम करून दाखवलंय. पण व्हिडिओ बघताना हात काळे असतात, वही जवळ नसते. म्हणून तेच सगळं इथे सविस्तर लिहितोय. मोबाईलवर सेव्ह करून ठेवा, कामाच्या वेळी उघडा.

विषय आहे गाडीच्या डॅशबोर्डवर लागणारा पिवळा एबीएसचा दिवा. हाच का निवडला? तर बघा, आपल्याकडे नवीन मॉडेलच्या गाड्यांना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांची वॉरंटी आता संपलीय. म्हणजे या गाड्या शोरूम सोडून तुमच्या-माझ्यासारख्यांच्या दारात येणार. काम वाढणार आहे. पण हे काम अंदाजाने करणाऱ्याचे पैसे बुडतात आणि तपासून करणाऱ्याचे उभे राहतात. आजच्या धड्याचं सार एवढंच.

दिवा नेमकं काय सांगतो?

जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊन घसरू नये, म्हणून एबीएस असतं. चाक जाम झालं की स्टेअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, सरळ घसरत जाते. एबीएस चालू असेल तर पूर्ण ब्रेक दाबूनही तुम्ही गाडी बाजूला काढू शकता. तेव्हा पेडल पायाखाली थरथरतं, ते नॉर्मल आहे. काही गिऱ्हाईक घाबरून पाय काढतात. त्यांना समजावून सांगा, पाय काढायचा नाही.

यात तीन भाग असतात. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर. त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग, किंवा नवीन गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली चुंबकीय रिंग. आणि तिसरं म्हणजे मॉड्यूल, ज्याच्यासोबत पंप आणि व्हॉल्व्ह असतात. मॉड्यूल चारही चाकांचा वेग सतत एकमेकांशी ताडून बघतं. एका चाकाचा वेग अचानक पडला की त्या चाकाचं प्रेशर सोडतं आणि परत धरतं, एका सेकंदात अनेक वेळा.

मॉड्यूलला कुठल्याही माहितीवर भरवसा राहिला नाही की ते एबीएस बंद करतं आणि दिवा लावतं. नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक चालतो, एबीएस चालत नाही. पण पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल तर गाडी पुढे पाठवू नका. ब्रेक ऑइल कमी असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची विभागणी करणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. ऑइल कमी दिसलं तर नुसतं वरून भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजलेत की कुठे गळती आहे, ते आधी बघा.

पहिली पाच मिनिटं : पाना बाजूला, प्रश्न पुढे

गाडी आली की जॅक लावायची घाई नको. जॉब कार्ड घ्या आणि हे विचारून लिहून काढा :

१. दिवा इग्निशन ऑन केल्यापासून लागलेलाच राहतो, की गाडी थोडी चालल्यावर लागतो?

२. पावसात, धुतल्यावर किंवा खड्ड्यात आदळल्यावर लागतो का?

३. हळू ब्रेक मारताना, गाडी थांबता थांबता पेडल थरथरतं का?

४. अलीकडे कुठल्या चाकाचं बेअरिंग, एक्सल, डिस्क किंवा टायरचं काम झालंय?

५. बॅटरी किंवा अल्टरनेटरची काही तक्रार?

या उत्तरांवर अर्धं निदान होतं. दिवा पहिल्यापासून लागलेलाच असेल तर बहुधा वायर तुटलेली, शॉर्ट झालेली, फ्यूज उडालेला किंवा सेन्सर आतून गेलेला असतो, कारण हे दोष मॉड्यूलला गाडी उभी असतानाच कळतात. गाडी निघाल्यावर दहा-वीसच्या वेगाला दिवा लागत असेल तर वायर जोडलेली आहे, पण त्या चाकाचा वेग नीट येत नाहीये. मग रिंग, बेअरिंग आणि सेन्सरच्या टोकाकडे बघायचं. आणि थांबता थांबता पेडल थरथरत असेल तर एखाद्या चाकाचा सिग्नल कमी वेगाला तुटतोय. मॉड्यूलला वाटतं चाक जाम झालं. यात कधीकधी दिवा लागतही नाही.

अजून एक सवय लावून घ्या. इग्निशन ऑन केल्यावर एबीएसचा दिवा काही सेकंद लागून विझतो का, ते बघा. तो लागतच नसेल तर शंका घ्या. कोणीतरी आधी बल्ब काढलेला असू शकतो किंवा मीटरमध्ये खटपट केलेली असू शकते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनाही हे सांगा. तुमच्या शब्दाला किंमत येते.

स्कॅनर : कोड पत्ता सांगतो, गुन्हेगार नाही

आता स्कॅनर. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसचे कोड चॅसिसच्या गटात येतात, त्यांची सुरुवात ‘सी’ने होते. म्हणून स्कॅनर घेताना विक्रेत्याला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा : तुमच्या भागात ज्या गाड्या जास्त आहेत, त्यांच्यात एबीएसचे कोड आणि चारही चाकांचा लाइव्ह वेग दिसतो का? दिसत असेल तरच खिशात हात घाला.

सर्वसाधारण कोडमध्ये सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं आणि सी ००५० मागचं उजवं. बऱ्याच कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात, ते त्यांच्या मॅन्युअलवरून बघायचे. स्क्रीनवर ‘व्हील स्पीड सेन्सर’ असं वाचलं की नवीन पोरं लगेच सेन्सर मागवतात. नुकसान इथेच सुरू होतं. कोडचा अर्थ एवढाच की या चाकाकडून येणाऱ्या वाटेवर गडबड आहे. त्या वाटेवर सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, रिंग आहे, बेअरिंग आहे. पोस्टमनला गल्ली कळली, घर अजून शोधायचंय.

कोड लिहून घ्या, मगच पुसा. मग ट्रायल मारा, शेजारी मुलाला स्कॅनर घेऊन बसवा. सरळ रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने चारही चाकांचा वेग बघा. तीन चाकं २५ आणि एक ० दाखवत असेल, किंवा एकाचा आकडा मध्येच पडत असेल, तर चाक सापडलं. एका चाकाचा वेग सतत थोडा वेगळा असेल तर टायरचा साइज आणि हवा तपासा. एकच टायर वेगळ्या मापाचा टाकलेल्या गाड्या येतात.

डोळे, मग मीटर

चाक सापडल्यावर गाडी उचला. जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालायचा नाही, जॅक स्टँड लावायचा. पहिल्या दिवसापासून हा नियम. आता या क्रमाने बघा :

१. वायर. पुढच्या चाकांत स्टेअरिंग वळलं की वायरही वाकते, त्यामुळे ती तिथेच आतून तुटते. वरचं आवरण चांगलं दिसतं, आत तार तुटलेली असते. क्लिपमधून सुटून टायरला घासलेली वायर, उंदरांनी कुरतडलेली वायर, हेही नेहमीचं.

२. कपलर. उघडा, आत हिरवट गंज किंवा पाणी आहे का बघा. कोकणातल्या आणि घाटाखालच्या गाड्यांत पावसाळ्यानंतर हे हमखास बघा.

३. सेन्सरचं टोक. त्याला लोखंडाचा भुगा आणि चिखल चिकटलेला असतो. साफ करा.

४. रिंग. चाक हाताने पूर्ण एक फेरी फिरवून प्रत्येक दात बघा. एखादा दात तुटलेला, रिंगला चीर, किंवा खालून गंज फुगून रिंग वर आलेली. सेन्सर आणि रिंग यांच्यातलं अंतर साधारण एखादा मिलिमीटर असतं, म्हणून थोडा गंजही पुरतो.

५. बेअरिंग. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर ते अंतर सतत बदलतंय. तिथे नवीन सेन्सर टाकूनही दिवा परत येणार.

आता मीटर. सेन्सर दोन प्रकारचे असतात आणि तपासायची पद्धत वेगवेगळी आहे. जुना, म्हणजे पॅसिव्ह सेन्सर : कपलर काढून ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत साधारण ८०० ते २००० ओहमच्या दरम्यान आकडा येतो. मॅन्युअल हाताशी नसेल तर दुसऱ्या बाजूच्या चांगल्या सेन्सरशी ताडून बघा. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवा. व्होल्टेज दिसायला हवं आणि चाक जोरात फिरवलं की वाढायला हवं.

नवीन, म्हणजे अॅक्टिव्ह सेन्सर : याला मॉड्यूलकडून सप्लाय मिळतो आणि तो करंट कमी-जास्त करून सिग्नल देतो, साधारण ७ आणि १४ मिलिअँपियर. याचा ओहम मोजून काही कळत नाही, उलट सेन्सर खराब होऊ शकतो. इग्निशन ऑन करून गाडीच्या बाजूच्या कपलरवर सप्लाय येतोय का ते बघा. सप्लाय नसेल तर दोष वायरीत किंवा मॉड्यूलकडे. सप्लाय आहे, रिंग चांगली आहे, वायर चांगली आहे, तरी वेग शून्य. आता सेन्सरचं नाव घ्या.

मीटर लावून वायर हळूहळू हलवत जायला विसरू नका. मध्येच दिसणारा दोष असाच सापडतो. सेन्सरच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, आणि सुई टोचून वायरीला भोकं पाडायची नाहीत. भोकातून पाणी शिरतं आणि चार महिन्यांनी तीच गाडी परत दारात.

बॅटरीचं व्होल्टेजही या टप्प्यावर बघाच. व्होल्टेज फार पडलं की मॉड्यूल स्वतःला बंद करून घेतं, आणि चारही चाकं निर्दोष असताना दिवा लागतो.

एक गाडी, दोन सेन्सर, दोष तिसराच

माझ्या वर्कशॉपला एका टूर्सवाल्या दादांची सेडान आली. आधी एका ठिकाणी पुढच्या उजव्या चाकाचा सेन्सर बदलला होता. दिवा गेला नाही, म्हणून ‘पार्ट डुप्लिकेट निघाला’ म्हणत दुसरा टाकला. तरी निघाल्यावर थोड्याच अंतरात दिवा हजर. दादांचे दोन सेन्सरचे पैसे गेले आणि दोन दिवसांचं भाडंही गेलं. ते वैतागून म्हणाले, “साहेब, तो बल्बच काढून टाका.”

आम्ही चौथा प्रश्न विचारला : या चाकाचं आधी काय काम झालंय? दादा म्हणाले, “बेअरिंग बदललं होतं. दिवा त्यानंतरच लागायला लागला.” स्कॅनरवर तीन चाकं वेग दाखवत होती, उजवं शून्य. कपलरवर सप्लाय होता. या गाडीत चुंबकीय रिंग बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये असते आणि ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. बेअरिंग उघडून दोन्ही बाजूंना हलकी टाचणी लावून बघितली. टाचणी बाहेरच्या बाजूला चिकटली, सेन्सरकडच्या बाजूला नाही. बेअरिंग उलटं बसवलेलं होतं. नवीन बेअरिंग बरोबर बाजूने बसवलं, कोड पुसले, ट्रायल मारली. दिवा गेला. टाकलेला सेन्सर चांगलाच होता, तोच ठेवला.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, ‘दिवा कधीपासून लागतो’ यापेक्षा ‘कशानंतर लागतो’ हा प्रश्न मोठा. दोन, दादांनी आमचं बिल एका शब्दाने कमी करायला सांगितलं नाही. त्यांना स्वस्त काम नको होतं, खात्री हवी होती. घाटात, पावसात, मागे कुटुंब घेऊन ते गाडी चालवतात.

आता धंद्याचा हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावातले भाव टाकून स्वतः करा.

समजा सेन्सर तुम्हाला १५०० ला पडतो, १८०० ला लावता, मजुरी ३००. कागदावर ६०० सुटले. दोष वायरीत निघाला तर? इलेक्ट्रिकल पार्ट लावल्यावर दुकानदार सहसा परत घेत नाही. गिऱ्हाईकाचे २१०० परत केले तर तुमचे १५०० अडकले, दोन तास गेले. नाही परत केले, तर गिऱ्हाईक गेलं. आणि ते एकटं जात नाही, चार जणांना सांगून जातं.

दुसरी पद्धत. तपासणीचे ५०० आधी सांगून घेतले. दोष तुटक्या वायरीत सापडला. दुरुस्तीची मजुरी ४००, सामान ५० चं. हातात ८५० राहिले, गोडाऊनला पार्ट पडून नाही आणि गिऱ्हाईकाचेही वाचले.

‘आमच्याकडे तपासणीचे पैसे कोणी देत नाही’ असं बरेच जण म्हणतात. देतात, पण आधी सांगितलं तर. गाडी उघडल्यावर सांगितलं तर भांडण होतं. वाक्य तयार ठेवा : “काका, तपासणीचे पाचशे होतील. दोष कुठे आहे ते तुम्हाला दाखवून, किती खर्च येईल ते लिहून देतो. काम आमच्याकडे करा किंवा दुसरीकडे, निदान तुमचं.” आणि खरंच दाखवा. स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो, तुटलेल्या वायरीचा फोटो, काम झाल्यावरचा फोटो, तिन्ही व्हॉट्सअॅपवर पाठवा. काढलेला पार्ट डिकीत ठेवून द्या.

आधीच सांगायची अजून एक गोष्ट : गंजलेला सेन्सर काढताना तुटू शकतो. तो हातोडीने ठोकू नका. गंज सैल करणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा, हळूहळू फिरवून काढा. तरी तुटला तर खर्च कोणाचा, हे जॉब कार्डवर लिहून गिऱ्हाईकाची सही आधी घ्या.

कुठे थांबायचं

सगळी कामं घेतलीच पाहिजेत असं नाही. मॉड्यूल आणि पंपाचं काम महाग आणि जोखमीचं आहे. हवा काढायलाही बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरून पंप चालवावा लागतो. सुरुवातीला हे काम ओळखीच्या तज्ज्ञाकडे पाठवा. मॉड्यूलला दोष देण्याआधी फ्यूज, सप्लाय आणि अर्थ तपासून घ्या, म्हणजे समोरच्याकडे तुमची गाडी ‘अंदाजे’ जाणार नाही.

आणि बल्ब काढून द्यायचं काम कधीच घ्यायचं नाही. दुप्पट पैसे दिले तरी नाही. दिवा बंद झाला की गाडीत बसलेल्या प्रत्येकाला वाटतं एबीएस चालू आहे. ज्या दिवशी समोर कोणी आडवं येईल, त्या दिवशी ते कळेल. तुमच्या बिलबुकवर तुमचं नाव छापलेलं असतं, हे विसरू नका.

काम संपल्यावर कोड पुसा, ट्रायल मारा, परत स्कॅन करा. काही गाड्यांत ठरावीक वेग गाठेपर्यंत दिवा जात नाही, त्यामुळे जागेवर उभ्या गाडीत घाबरू नका. कोड परत आला नाही हे बघूनच चावी गिऱ्हाईकाच्या हातात.

या आठवड्याचा सराव

- तुमच्या भागात सर्वात जास्त दिसणाऱ्या पाच गाड्यांची यादी करा. त्यांचा सेन्सर पॅसिव्ह की अॅक्टिव्ह, ते शोधून वहीत लिहा.
- वरचे पाच प्रश्न छापलेलं जॉब कार्ड बनवा. झेरॉक्सवर भागतं, डिझायनर लागत नाही.
- चांगल्या गाडीवर चारही चाकांचा लाइव्ह वेग बघायचा सराव करा. चांगलं कसं दिसतं हे माहीत असेल तरच वाईट ओळखता येतं.
- तपासणीची फी ठरवा आणि बोर्डवर लिहा. बोर्डवर लिहिलेल्या फीवर घासाघीस कमी होते.

पुढच्या भागात जॉब कार्डवरून महिन्याचा हिशोब कसा काढायचा, ते बघू. तोपर्यंत हात चालू ठेवा आणि वहीसुद्धा.